उच्च रक्तदाब आणि पेशींमधले निरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी वाढतं तेव्हा शरीरात नेमकं काय बदललेलं असतं?

रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि त्या रक्ताला पुढे जायला किती विरोध होतो. चाळिशीनंतर दिसणाऱ्या बहुतेक उच्च रक्तदाबात हृदयाचं काम फारसं बदललेलं नसतं, विरोध वाढलेला असतो. हा विरोध मनगटावर हाताला लागते तसल्या मोठ्या धमनीत नसतो. तो तिच्या टोकाच्या केसासारख्या बारीक फाट्यांत, म्हणजे धमनिकांत असतो.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नळीतला विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. धमनिकेची त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तरी विरोध दीडपट होतो, आणि ती निम्मी झाली तर सोळापट. त्यामुळे भिंतीतला स्नायू किंचित जास्त आवळलेला राहिला तरी मशीनवरचा आकडा चांगलाच वर जातो. हा स्नायू कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा, हे संकेत पोचवणारी प्रथिनं ठरवतात.

ही ‘संकेत प्रथिनं’ म्हणजे काय?

अ‍ॅड्रिनॅलिन, अँजिओटेन्सिन, एंडोथेलिन हे रक्तातून किंवा शेजारच्या पेशीकडून येणारे निरोपे. यांतला एकही निरोप्या स्नायूपेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणात रिसेप्टर नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ते आवरणातून सात वेळा आतबाहेर विणलेलं असतं. निरोप्या त्याला बाहेरून चिकटला की त्याचा आतला भाग वळतो आणि तिथे टेकलेल्या जी-प्रथिनाला जागं करतो. तिथून पुढे एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला निरोप देत जातं.

निरोपे निरनिराळे असले तरी आवळण्याच्या बाबतीत त्यांची आतली वाट बरीचशी एकच आहे. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, अँजिओटेन्सिन-२ आणि एंडोथेलिन-१ हे तिघेही ‘जीक्यू’ या एकाच जातीच्या जी-प्रथिनावर येऊन पोचतात. म्हणून एक निरोप्या गोळीने अडवला तरी दुसरा तेच काम चालू ठेवू शकतो, आणि अनेकांना एकाहून जास्त गोळ्या लागतात.

निरोप मिळाल्यावर रक्तवाहिनी आवळते कशी? टप्प्याटप्प्याने सांगा.

जीक्यू जागं झालं की ते फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला कामाला लावतं. हे एन्झाइम आवरणातल्या एका मेदरेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा, आयपी-३, पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारापर्यंत जातो आणि त्याचं दार उघडतो. दुसरा तुकडा, डीएजी, आवरणातच राहून प्रोटीन कायनेज-सी या दुसऱ्या एन्झाइमला चालना देतो. त्याच वेळी आवरणावरचे एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल उघडून बाहेरचं कॅल्शियमही आत येतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे दार जरासं किलकिलं झालं तरी पुरतं.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला धरतं. एका कॅल्मोड्युलिनवर कॅल्शियमचे चार आयन बसतात. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेजला चालू करते, आणि ते मायोसिनवर फॉस्फेटची खूण लावतं. खूण लागलेलं मायोसिन अ‍ॅक्टिनचा धागा धरून ओढतं. अशा हजारो ओढी एकत्र झाल्या की धमनिकेचं भोक लहान होतं.

मग निरोप थांबल्यावर ती आपोआप सैल व्हायला हवी ना?

निरोगी माणसात होते. जी-प्रथिन स्वतःच स्वतःला बंद करतं, आणि ते लवकर बंद व्हावं म्हणून आरजीएस नावाची मदतनीस प्रथिनं असतात. त्यांतलं आरजीएस-२ काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला राहतो. म्हणजे निरोप वेळेवर थांबणं हे निरोप मिळण्याइतकंच गरजेचं आहे.

खाली, स्नायूपाशी, मायोसिनवरची खूण पुसणारं वेगळं एन्झाइम आहे: मायोसिन फॉस्फेटेज. खरी गडबड बऱ्याचदा इथे होते. त्याच निरोपांनी आरएचओ-कायनेज नावाचं दुसरं एन्झाइमही जागं होतं आणि ते या पुसणाऱ्याचाच हात धरून ठेवतं. आता कॅल्शियम खाली आलं तरी खूण पुसली जात नाही आणि स्नायू आवळलेलाच राहतो. थोड्या कॅल्शियमवर जास्त ताण, अशी ही अवस्था असते. आरएचओ-कायनेजला रोखणारं फासुडिल जपानमध्ये १९९५ पासून मेंदूतल्या रक्तस्रावानंतर वाहिन्या आवळू नयेत म्हणून वापरतात. रोजच्या बीपीची गोळी म्हणून मात्र ते वापरात नाही.

हे वर्षानुवर्षं चाललं की तेच निरोप वाढीच्या वाटाही जाग्या करतात. मग भिंत जाड होते, भोक कायमचंच अरुंद होतं. दहा वर्षं दुर्लक्ष केलेलं बीपी आठ दिवसांत खाली का येत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

मूत्रपिंडाचा यात काय संबंध?

फार जवळचा. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टायगरश्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या त्या पदार्थाला त्यांनी रेनिन असं नाव दिलं.

मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दाब उतरला, नलिकेतून जाणारं मीठ कमी झालं किंवा मज्जातंतूंनी डिवचलं, तर तिथल्या पेशी रेनिन सोडतात. यकृताने बनवलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या मोठ्या प्रथिनाचा एक तुकडा रेनिन कापतं. त्यात दहा अमिनो आम्लं असतात. पुढे वाहिन्यांच्या अस्तरावरचं, विशेषतः फुप्फुसातलं, एसीई हे एन्झाइम त्यातली दोन छाटतं. उरलेल्या आठांचा अँजिओटेन्सिन-२ हा वाहिन्या आवळतो, मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं हार्मोन सोडायला लावतो, मूत्रपिंडाला मीठ परत घ्यायला लावतो आणि तहानही वाढवतो. जखमेतून रक्त जात असताना हीच साखळी जीव वाचवते. दाब आधीच वाढलेला असताना ती शांत बसायला हवी. अनेक रुग्णांत रेनिन ‘नॉर्मल’ दिसतं, पण इतक्या दाबाला ते नॉर्मल असणंसुद्धा जास्तच म्हणायला हवं.

‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्यांत फरक काय? एकीने खोकला का येतो?

रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे प्रिल गोळ्या एसीई या कात्रीला अडवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन कात्रीला हात लावत नाहीत, ते स्नायूपेशीवरच्या एटी-१ रिसेप्टरची जागा अडवतात.

एसीईचं आणखी एक काम असतं, ब्रॅडिकायनिन मोडणं. एसीई अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं. त्याने वाहिन्या सैल होतात हा फायदा, पण श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना त्याचा त्रास होऊन कोरडा, खवखवणारा खोकला येतो, साधारण दहा जणांत एखाद्याला. खोकल्याची औषधं पिऊन तो जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित जास्त वेळ लागतो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. ती गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हे सांगायचं.

ब्रॅडिकायनिनचा हा धागा ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषापासून सुरू झाला. सेर्जिओ फेरेरा यांना १९६० च्या दशकात त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक सापडले. त्यातूनच कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

दोन्ही प्रकारांसाठी सारख्या गोष्टी: सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन आधीपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा गोळी चालू ठेवतात, त्यापुढे गेलं तर कारण शोधतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. गरोदरपणात दोन्ही चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. आणि प्रिल व सार्टन एकत्र घ्यायचे नसतात. त्याने मूत्रपिंडाचं नुकसान वाढतं, फायदा वाढत नाही.

अम्लोडिपिनने पाय सुजतात. पाण्याची गोळी घेऊ का?

आधी सूज का येते ते पाहू. अम्लोडिपिन स्नायूपेशीवरचे एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल अडवतं, त्यामुळे धमनिका सैल होते. पण केशवाहिनीच्या पलीकडची शीर तितकी सैल होत नाही. येणारी वाट रुंद आणि जाणारी तेवढीच, मग मधल्या केशवाहिनीत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबून पाहा, खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो. मोज्याचा वळही उठलेला असतो.

म्हणजे हे अंगात जास्त झालेलं पाणी नाही. पाण्याच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं. डॉक्टर बहुधा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणतात किंवा जोडीला प्रिल अथवा सार्टन देतात. त्याने शिरेची बाजूही उघडते आणि सूज कमी होते. एकाच पायाला सूज, दम लागणं किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल तर मात्र कारण दुसरं असू शकतं, दाखवून घ्या.

आणखी एक: अम्लोडिपिन रक्तातून निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्याचा पूर्ण परिणाम स्थिर व्हायला सात-आठ दिवस जातात. काल सुरू केलेल्या गोळीचा निकाल आजच्या रीडिंगवरून लावू नका.

रक्तवाहिनी सैल करणारा निरोप कोणता?

नायट्रिक ऑक्साइड. हा चक्क वायू आहे आणि काही सेकंदच टिकतो. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाहत्या रक्ताचं घासणं ओळखतात आणि ईनॉस या एन्झाइमकडून आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवतात. तो शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, तिथे सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या तयार होतो, प्रोटीन कायनेज-जी जागं होतं. हे कायनेज दोन कामं करतं: कॅल्शियम खाली आणतं आणि वर सांगितलेल्या खूण पुसणाऱ्या फॉस्फेटेजला बळ देतं. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

उच्च रक्तदाबात, मधुमेहात आणि तंबाखू खाणाऱ्यांत अस्तराच्या पेशींमध्ये सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप वाढतं आणि ते नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच संपवतं. पुढेपुढे ईनॉसचा सहायक रेणू खराब होतो आणि ईनॉस स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागतं. सैल करणाराच बिघडवणारा होतो. रोज अर्धा तास झपझप चालण्याचा उपयोग इथे कळतो: वाढलेल्या प्रवाहाच्या घासण्याने ईनॉसला पुन्हा पुन्हा काम मिळतं.

इथेच एक इशारा. लैंगिक ताठरतेसाठी घेतलं जाणारं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) सायक्लिक जीएमपी मोडू देत नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे वापरणाऱ्याने ते घेतलं तर दाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. संकोचापोटी हे डॉक्टरांपासून लपवू नका.

मधुमेह आणि बीपी जोडीनेच का दिसतात?

अस्तराच्या पेशीत इन्सुलिनचा निरोप दोन वाटांनी जातो. एक वाट ईनॉसकडे जाते आणि वाहिनी सैल करते, दुसरी एंडोथेलिन-१ वाढवून आवळते. इन्सुलिन-प्रतिरोधात, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की, पहिली वाट बुजते, दुसरी चालू राहते. साखर आटोक्यात ठेवायला शरीर इन्सुलिन वाढवत जातं आणि तो सगळा जोर उरलेल्या दुसऱ्या वाटेवर येतो.

मिठाने सगळ्यांचंच बीपी वाढतं का? सैंधव चालेल का?

सगळ्यांचं सारखं वाढत नाही, कारण मूत्रपिंडातली मीठ परत घेणारी प्रथिनं प्रत्येकात सारखी वागत नाहीत. रोज सुमारे १८० लिटर पाणी मूत्रपिंडात गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त सोडियम परत घेतलं जातं. शेवटचा थोडासा वाटा ईनॅक या चॅनेलकडे असतो. अल्डोस्टेरॉनच्या निरोपाने या चॅनेलची संख्या वाढते, आणि नेड-४-२ नावाचं प्रथिन ती काढून घेतं. लिडल सिंड्रोम या दुर्मीळ आजारात ईनॅकवरची नेडने धरायची जागाच बदललेली असते, म्हणून चॅनेल काढले जात नाहीत. अशा कुटुंबांत तरुणपणीच बीपी चढतं आणि अमिलोराइड या गोळीने उतरतं.

त्याच्या जरा अलीकडे डब्ल्यूएनके नावाची कायनेजं बसलेली असतात. जेवणात पोटॅशियम कमी पडलं की ती जागी होतात आणि मीठ परत घ्यायला लावतात. म्हणून मीठ कमी करण्याइतकंच डाळी, पालेभाज्या, फळं पोटात जाणंही महत्त्वाचं आहे, आणि नुसतं ‘वरून मीठ घेऊ नका’ एवढा सल्ला अपुरा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या पदार्थांना मिळून चहाचा एक सपाट चमचा. लोणच्याची फोड, पापड, फरसाण, खारवलेली मासळी या सगळ्याचं मीठ त्यातच मोजायचं. पापडखारातही सोडियम असतं. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच, बीपीला त्याने सवलत मिळत नाही. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. ते अनेकांना उपयोगी पडतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा प्रिल, सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

घशासाठी ज्येष्ठमध रोज चघळतो. बीपीला काही अपाय?

हो, आणि हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोन अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरवरही तितकंच घट्ट बसू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ते बसू नये म्हणून मूत्रपिंडाच्या पेशीत एक पहारेकरी एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या पहारेकऱ्यालाच बंद पाडतं. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी बसून तेच काम करतं: मीठ अडतं, पोटॅशियम लघवीतून जातं, बीपी चढतं.

पायात गोळे, अशक्तपणा आणि पोटॅशियम कमी, असं दिसलं तर ज्येष्ठमधाची कांडी, काढा, मुखवास, खोकल्याचं चूर्ण यांची चौकशी करा. घसा बसला म्हणून दोन दिवस घेणं वेगळं आणि महिनोन्‌महिने रोज घेणं वेगळं. बीपीच्या रुग्णाने रोजचं बंदच करावं. बंद केल्यावर परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात.

सर्पगंधा हे बीपीचं जुनं औषध. अजून घ्यावं का?

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवरचा आपला अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूच्या टोकाला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पुड्यांत भरणारं एक प्रथिन असतं, रिसर्पिन ते बंद करतं. पुड्या रिकाम्या, त्यामुळे आवळण्याचा निरोपच जात नाही. औषध खरं आहे, म्हणूनच त्याचे अपायही खरे आहेत: नाक चोंदणं, सुस्ती, मन खचणं. मुळीच्या चूर्णात रिसर्पिन किती आहे ते घरी कळत नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांनी बीपी वाढतं?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी वाढतं. त्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, आणि मूत्रपिंडाची वाहिनी उघडी ठेवायला व मीठ बाहेर टाकायला तेच लागतं. प्रिल किंवा सार्टन, पाण्याची गोळी आणि वर ही वेदनाशामक असं त्रिकूट झालं तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं, उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असताना विशेष. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणण्याआधी चालू औषधांची चिठ्ठी दाखवा.

तंबाखू ओढत नाही, फक्त मिश्री लावते. तरी बीपी चढेल?

चढेल. निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि मज्जातंतूंना व अधिवृक्क ग्रंथीला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन-अ‍ॅड्रिनॅलिन सोडायला लावतं. बीपी मोजण्याआधी अर्धा तास मिश्री, तंबाखू, चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते वाढलेलं समजतात, दवाखान्यात ही रेघ १४०/९० आहे.

गरोदरपणात अचानक बीपी का चढतं?

प्रीएक्लॅम्प्सिया या गरोदरपणातल्या आजारात वारेला रक्त कमी पडतं आणि ती एसफ्लिट-१ हे प्रथिन आईच्या रक्तात सोडते. वाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे वाढघटक ते रक्तातच अडकवतं. मग अस्तर बिघडतं, बीपी चढतं, लघवीतून प्रथिन जातं. विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा-हात सुजणं, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

रीडिंग १२०/८० आलं. आता गोळी बंद करू?

नको. गोळीने निरोप पोचू दिलेला नाही, पाठवणारे अजून पाठवतच आहेत. सार्टन चालू असताना तर रेनिन उलट वाढलेलं असतं. गोळी सोडली की काही दिवसांत दाब पुन्हा जुन्या जागी येतो. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन अचानक सोडणं तर धोक्याचं, दाब आणि ठोके उसळून वर जातात. वजन उतरलं, मीठ कमी झालं आणि रीडिंग सतत खालीच राहू लागलं तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात.

तीन गोळ्या घेऊनही १५०च्या खाली येत नाही. पुढे काय?

आधी गोळ्या रोज ठरल्या वेळी जातात का, कफ दंडाच्या मापाचा आहे का, वेदनाशामक किंवा ज्येष्ठमध चालू आहे का, झोपेत घोरताना श्वास अडतो का, हे बघायचं. मग अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांच्या गुणोत्तराची रक्ततपासणी. अधिवृक्क ग्रंथी रेनिनचा निरोप नसतानाही अल्डोस्टेरॉन सोडत असेल तर ते यात सापडतं, आणि पोटॅशियम नॉर्मल असलं तरीही हा आजार असू शकतो. काहींच्या ग्रंथीत त्यासाठी छोटी गाठ असते, ती काढली की बीपी बरंच उतरतं. बाकीच्यांना चौथी गोळी म्हणून बहुतेक वेळा स्पायरोनोलॅक्टोन देतात, पोटॅशियमवर लक्ष ठेवून. एंडोथेलिनचे रिसेप्टर अडवणाऱ्या अप्रोसिटेन्टानला २०२४ मध्ये अमेरिकेत अशाच न आवरणाऱ्या बीपीसाठी मंजुरी मिळाली. त्याने अंगावर सूज येऊ शकते आणि गरोदरपणात ते अजिबात चालत नाही.